केसगळतीचे औषध : चालू ठेवावे की थांबवावे?

गेल्या वर्षी रोपलावणीच्या दिवसांत एका रविवारी मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तो चर्चच्या पायरीपाशी आमच्या एका वाडीवरची बाई पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत औषधाच्या सहा रिकाम्या बाटल्या, एक अर्धी तेलाची बाटली आणि गोळ्यांची तीन-चार पाकिटे. म्हणाली, "फादर, आठ महिने झाले. म्हशीच्या दुधाचा पैसा सगळा यात गेला. पोराचं डोकं आहे तसंच आहे. आता चालू ठेवू की सोडून देऊ, तुम्हीच सांगा."

पोरगा सव्वीस वर्षांचा. बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जातो, सुटीच्या दिवशी शेती बघतो. दोन ठिकाणची स्थळे परत गेली होती आणि त्याने मनाशी धरले होते की टकलामुळेच गेली. चर्चमध्ये पुरुषांनी टोपी काढायची असते, म्हणून तो वर्षभर मागच्या दाराबाहेर उभा राहून मिस्सा ऐकत होता. हे मला त्या दिवशी कळले. तोवर मी त्याला आळशी समजत होतो.

वाचकहो, मी डॉक्टर नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. वैद्यक शिकलो नाही. परंतु या बाईचा प्रश्न साधा नव्हता. औषध लागू पडत नाही असे वाटते तेव्हा थांबावे की धीर धरावे, हा प्रश्न केसांपुरता नाही. पण केसांच्या बाबतीत तो फार फसवा असतो. म्हणून मी कातडीच्या रोगांच्या एका डॉक्टरांना गाठून नीट विचारून घेतले, थोडे वाचले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

आधी माझीच फजिती सांगतो. सेमिनरीत दुसऱ्या वर्षाला असताना मला टायफॉईड झाला. ताप उतरून अडीच महिने झाले आणि केस मूठमूठ गळू लागले. उशीवर केस, न्हाणीघरात केस, जेवणाच्या ताटात केस. घाबरून मी बाजारातून एक महागडे तेल आणले आणि निष्ठेने चार महिने चोळले. केस पूर्ववत आले! त्यानंतर कितीतरी वर्षे मी त्या तेलाची साक्ष देत हिंडलो. माझ्या शब्दावर निदान दहा-बारा जणांनी ते विकत घेतले असेल. आज कळते की ते श्रेय तेलाचे नव्हतेच. मोठा ताप, टायफॉईड, डेंग्यू, बाळंतपण, शस्त्रक्रिया, जबर उपासमार अशा धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, आणि कारण निघून गेले की सहसा सहा महिन्यांच्या आत गळणे आपोआप थांबून ते पुन्हा येऊ लागतात. २०२० आणि २०२१ साली करोनातून उठलेल्या पुष्कळांना हाच अनुभव आला. मी तेलाऐवजी नुसते पाणी चोळले असते तरी केस आलेच असते.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ बंद पडते, आणि पुढे साधारण तीन महिने तो नुसता खोचलेला राहून गळून पडतो. त्या जागी नवा केस उगवतो. सर्व केस एकाच वेळी या फेऱ्यात नसतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोग्याचेच लक्षण आहे. मोठ्या आजारात मात्र पुष्कळ केस एकदम वाढ थांबवितात आणि तीन महिन्यांनी एकदम पडतात. वाढीचा वेग म्हणाल तर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे आज मुळाशी झालेला बरावाईट फरक डोळ्यांना दिसायला महिने जातात. गोव्याकडच्या आपल्या बांधवांना हे सांगायला नको. माडाला आज घातलेल्या खताचा गुण नारळांच्या संख्येत दिसायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून दुसऱ्या वर्षी "खत खोटे" असे म्हणणारा माडवाला शहाणा नव्हे.

तथापि उलटही खरे आहे. रोगच दुसरा असेल, तर दहा वर्षे धीर धरून काही मिळत नाही.

भातकऱ्यांना खैरा माहीत आहे. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर तांबूस गंजासारखे डाग येतात, रोप खुजे राहते. तराई भागात या रोगाने फार नुकसान होई. १९६६ साली पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी दाखवून दिले की हा जंतूचा रोगच नव्हे, जमिनीत जस्त कमी पडल्याचा परिणाम आहे. उपाय निघाला तो झिंक सल्फेट आणि चुना यांच्या साध्या फवाऱ्याचा. आता ज्याने खैऱ्यावर बुरशीचे औषध मारले त्याचे औषध खोटे नव्हते, पंपही ठीक होता. तरी पीक सुधारणार कसे? केसांच्या बाबतीत असे फार होते. "केस गळतात" हे रोगाचे नाव नव्हे. ते नुसते "पीक पिवळे पडले" असे म्हणण्यासारखे आहे.

पुरुषांत कपाळ मागे सरकते आणि टाळूवर विरळ होते, बहुधा वाडवडिलांकडून आलेले असते. तो एक प्रकार. स्त्रियांत भांग रुंदावत जातो. गोल चकती पडून कातडी गुळगुळीत होते ती चाई. ती पुष्कळांची वर्षभरात आपणहून भरते, आणि डॉक्टर तिच्यावर इंजेक्शने देतात. काही घरांत चाईवर बिब्बा घासतात. कृपा करून तसे करू नका. बिब्ब्याने कातडी भाजते आणि भाजून वण उठला तर तेथे केस कायमचा जातो; जी जागा आपसूक भरली असती ती आपण आपल्या हाताने नापीक करतो. मुलांच्या डोक्यावर खवले, खाज आणि तुटके केस दिसले तर ते गजकर्ण असू शकते, आणि गोठ्यातील वासराच्या तोंडाभोवती पांढुरके चट्टे असतील तर ते तेथूनही आलेले असते. याला वरून लावायचे मलम पुरत नाही, काही आठवडे पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. आणि दुकानदाराने दिलेले स्टेरॉईड मिसळलेले मलम लावाल तर खाज थांबेल पण रोग पसरेल. डॉक्टरांकडे मूल नेताना वासराची गोष्टही सांगा आणि वासरू जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात थांबून पाहणेच धोक्याचे. डोक्यावरची जागा चकचकीत होते, केसांची भोकेच दिसत नाहीत, जळजळ होते, कडेने लाली असते. येथे केसांचे मूळच मरून वण होतो. गेलेले परत येत नाही. औषध असते ते उरलेले वाचविण्यासाठी. अशा माणसाने "नवे केस येत नाहीत, औषध फुकट" असे म्हणून सोडले तर राहिलेलेही जातील. त्याने लवकरात लवकर कातडीच्या डॉक्टरला दाखविले पाहिजे.

आता त्या मुलाकडे येऊ. पुढच्या रविवारी मी त्याला घरी बोलाविले. टोपी काढायला पाच मिनिटे लागली. कपाळाच्या दोन्ही बाजू मागे गेलेल्या, टाळू विरळ; बापाचेही तसेच होते, आजोबांचेही. डॉक्टरांनी पुढे पाहून हेच सांगितले. म्हणजे रोग ओळखण्यात चूक नव्हती आणि बाटलीतले औषधही त्याच रोगाचे होते : मिनॉक्सिडिल, पाच टक्के. या औषधाचा जन्म मोठा गमतीचा आहे. ते मुळात रक्तदाबावरची गोळी. अमेरिकेत १९७९ साली तिला परवानगी मिळाली, आणि घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले! त्यावरूनच पुढे डोक्याला लावायचे पातळ औषध निघाले आणि १९८८ साली पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाले.

"लावतोस कसे?" मी विचारले.

"रोज लावतो, फादर."

शेतकऱ्याच्या पोराला मी पंपावरून विचारले. टाकीला औषध किती, पाणी किती, पाऊस किती वेळाने आला, हे बघितल्याशिवाय आपण औषधाला बोल लावतो का? तेव्हा हळूहळू सगळे बाहेर आले. औषध दिवसातून दोन वेळा, दर वेळी एक मिलिलिटर, कोरड्या टाळूवर लावायचे असते. तो रात्री एकदाच लावी, तेही आईने तेल चोपडल्यानंतर, केसांच्या वर. तेलकट डोक्यात ते कातडीपर्यंत पोहोचणार कसे! लावल्यावर निदान चार तास डोके धुवायचे नसते. रात्रपाळीच्या आठवड्यात हा लावून लगेच आंघोळ करी. शिवाय दुसऱ्या महिन्यात केस जास्तच गळू लागले म्हणून घाबरून त्याने पाच आठवडे बंद ठेवले होते. वस्तुतः पहिल्या दोन महिन्यांत गळती थोडी वाढणे हे या औषधात नेहमीचे आहे; जुने केस नव्यांना जागा करून देतात आणि ती वाढ पुढे आपोआप ओसरते. हे त्याला दुकानदाराने सांगितले नव्हते. लावणी-भांगलणीच्या दिवसांत तर बाटली फळीवरच होती. हिशेब केला तेव्हा आठ महिन्यांपैकी धड तीन महिनेही औषध डोक्यात गेले नव्हते.

म्हणजे औषध हरले होते असे म्हणता येत नव्हते. त्याची परीक्षाच झाली नव्हती.

परीक्षा कशी घ्यावी, तेही विचारले. नियमित लावल्यावर चार महिन्यांच्या आत निकाल मागू नये. सहा महिन्यांनी काहीतरी दिसावे आणि बारा महिन्यांनी निर्णय करावा. वर्षभर बिनचूक लावूनही काही नाही, तर त्याच्यासाठी ते औषध नव्हे असे समजून सोडावे. हे औषध कातडीतल्या एका पाचकद्रव्यामुळे कामास येते आणि काही जणांच्या कातडीत ते पाचक पुरेसे नसते. त्यात रोग्याचा दोष नाही.

आणि आरशावर विश्वास ठेवू नये. रोज पाहणाऱ्याला उभ्या पिकाची वाढ दिसत नाही. पाहुणा महिन्याने आला की त्याला दिसते. पहिल्या दिवशी फोटो काढावा आणि दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी, केस कोरडे असताना, कपाळाचा एक आणि टाळूचा एक असे दोन काढावे. या मुलाकडे पहिल्या दिवसाचा फोटो नव्हता. पण बहिणीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याचे फोटो मोबाईलवर निघाले, नऊ महिन्यांपूर्वीचे, आणि एकात हा वाकून मेणबत्ती पेटवीत होता. टाळू स्पष्ट दिसत होती. ती आणि आजची टाळू जवळजवळ सारखीच!

आई म्हणाली, "बघा, काही फरक नाही." मी म्हटले, "बाई, फरक नाही हीच कदाचित बातमी असेल." कारण हा प्रकार थांबून राहत नाही, वर्षागणिक वाढतो. आपण शेतात एक वाफा बिनखताचा ठेवतो तो कशासाठी? खताच्या वाफ्यात पीक तेवढेच दिसले आणि बिनखताच्यात घटले, तर खताने काम केलेच ना! डोक्यावर असा वाफा ठेवता येत नाही. पण डॉक्टरांनी पुष्कळ माणसांवर तो ठेवून पाहिला आहे. फिनास्टेराईड नावाच्या गोळीची एक मोठी तपासणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत १,५५३ पुरुष होते. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. एक इंच व्यासाच्या वर्तुळात, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित लहान जागेत, आरंभी सरासरी ८७६ केस होते. एका वर्षाने खरी गोळी घेणाऱ्यांना पोकळ गोळीवाल्यांपेक्षा १०७ केस अधिक, दोन वर्षांनी १३८. पोकळ गोळीवाल्यांचे केस मात्र घटत गेले. म्हणून "वाढले का?" एवढेच विचारून चालत नाही, "नसते घेतले तर किती गेले असते?" हेही विचारावे लागते. अर्थात या मुलाने औषध इतके कमी लावले होते की टाळू टिकली ती त्यामुळेच, असे मी छातीठोक सांगू शकत नाही.

फिनास्टेराईडची गोळी पुरुषांसाठी आहे, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. थोड्या जणांत कामेच्छा कमी होते, कोणाचे मन खिन्न होते. तसे वाटले तर लाजून गप्प न राहता डॉक्टरांना सांगावे. पोटुशी किंवा दिवस जाण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ती घेऊ नये, फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. मुलगा असेल तर त्याच्या वाढीला अपाय होऊ शकतो. वयस्कर पुरुषांची प्रोस्टेटची पी. एस. ए. तपासणी असेल तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगावे, कारण तिने तो आकडा सुमारे निम्म्यावर येतो आणि रोग झाकला जातो. मिनॉक्सिडिलचेही पथ्य आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते वापरू नये. हृदयविकार असलेल्याने विचारून वापरावे. छातीत धडधड, चक्कर किंवा पायांवर सूज आली तर थांबून दाखवावे. घरात मांजर असेल तर फार जपा. हे औषध मांजराला विष आहे. उशीवरचे किंवा हातावरचे चाटूनही मांजर दगावते, आणि आपल्याकडे मांजर उशाशी निजते.

पिशवीतल्या इतर वस्तूंविषयी डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. बायोटिनच्या गोळ्या ज्याला त्या जीवनसत्त्वाची उणीव नाही त्याला केसांसाठी विशेष उपयोगाच्या नाहीत. उलट थायरॉईडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवितात. तेलाने केस मऊ राहतात, गेलेला केस येत नाही. मुंडण केल्याने केस दाट येतात हाही समज खोटा. वेलंकनीला नवस फेडताना अनेक जण मुंडण करतात, ते भक्तीने करावे. केसांचे मूळ कातडीच्या आत असते, वस्तऱ्याला ते कळतही नाही. अशा रीतीने महिन्याचा बाराशेचा खर्च निम्म्याहून कमी झाला.

राहिला खरा अवघड प्रश्न. हे औषध लागू पडले तरी ते जन्माचे आहे. बंद केले की तीन ते सहा महिन्यांत मिळविलेले सर्व जाते आणि माणूस तेथे येतो जेथे तो औषध न घेता आला असता. पाण्यावरच्या उसासारखे ते आहे. पाणी तोडले की गेला. म्हणून आरंभीच विचारावे : एवढा पैसा आणि एवढे लक्ष मी पाच वर्षे, दहा वर्षे देऊ शकतो का? देऊ शकत नसेन तर न लावणे हाही शहाणपणाचा निर्णय आहे आणि त्यात शरम नाही. टकलाने मनुष्याच्या आयुष्याचा एक दिवसही कमी होत नाही. मी स्वतः चाळिशी ओलांडली आहे आणि टायफॉईडनंतर परत आलेले माझे केस आता वडिलांच्या वाटेने निघाले आहेत. मी काही लावीत नाही. पण मला स्थळे बघायची नाहीत, तेव्हा माझे उदाहरण त्या मुलापुढे मी ठेवले नाही.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट जवळजवळ सुटून गेली असती. डॉक्टरांकडे बेळगावला गेलो तेव्हा आई बरोबर होती. त्यांनी मुलाला तपासले आणि मग तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, पदर जरा मागे घ्या." तिचा भांग दोन बोटे रुंद झालेला. वेणी शेपटासारखी बारीक. आणि डोळ्यांची पापणी खाली ओढली तर आत पांढरेफटक. पाळी दीड-दोन वर्षे फार जात होती, चढ चढताना धाप लागत होती, हे तिने कोणाला सांगितले नव्हते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात. बारा असायला हवे. म्हशीच्या दुधाचा पैसा मुलाच्या बाटलीत गेला होता आणि घरातले ज्याचे केस औषधाने खरोखर परत येण्याजोगे होते, तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तिचेही नव्हते.

तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीसाठी स्त्रीरोगाच्या डॉक्टरांकडे पाठविले. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही, असे बजावले. लोहाची उणीव भरायला महिने लागतात; हिमोग्लोबिन बरे झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या आणखी तीन महिने घ्याव्या लागतात, आणि नेमक्या याच वेळी पुष्कळ बाया "आता बरे वाटते" म्हणून सोडून देतात. ती सोडीत नाही ना, हे मी अधूनमधून विचारतो.

मुलाने भाताची कापणी झाल्यावर नव्याने सुरुवात केली, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या टाळूवर, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून. सहाव्या महिन्याचे फोटो त्याने मला दाखविले. टाळूवर थोडे भरले आहे, कपाळावर काही नाही. डॉक्टरांनी वर्ष पुरे करायला सांगितले आहे. तो म्हणतो, वर्ष झाले की बघू, लावीन नाहीतर बारीक कापून टाकीन. आता मिस्सेला तो आत येतो, शेवटच्या बाकावर बसतो, टोपी खिशात असते. आईचे हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात अकरा होते.